पकडीसाठी जाड दांडीचं डंबेल

साध्या डंबेलची दांडी जेमतेम 28 ते 30 मिलिमीटर जाड असते. पकड वाढवायची तर 50 मिलिमीटरच्या आसपासची घ्या. दुकानात मूठ वळून बघा: अंगठा बोटांवर चढत नसेल, तर माप बरोबर. मधे फुगीर नको, सरळ गोल हवी.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात तळहात घामाने निथळतो, तेव्हा गुळगुळीत क्रोमची दांडी हमखास निसटते. बारीक खाचांची, खरखरीत घ्या. वजन नेहमीपेक्षा बरंच कमी ठेवा. तालमीतली पोरं इथेच घाई करतात आणि कोपराचा आतला भाग दुखवून घेतात! नवं डंबेल परवडत नसेल, तर जुन्याच दांडीवर चढवायची जाड रबरी नळी मिळते. माझ्या मते सुरुवातीला तीच घ्यावी.