गरवायला निघालात? जागा शोधण्याआधी या चुका टाळा

"मासे कुठे लागतात?" एवढं विचारून लोक गाडी काढतात. कोकणात जागा कुठलीही धरा, खाडीचं तोंड असो की जेटी, वेळ चुकली की तंगूस (गरीची नायलॉन दोरी) भिजवून परत यायचं. सकाळी दहाला पोहोचायचं, समोरचा चिखल बघत वडापाव खायचा आणि गावाला नावं ठेवायची, हे मीही केलंय.

कोळीवाड्यातला हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. मुंबई-रायगडला हे बऱ्यापैकी जुळतं. खाडीत आत जाल तसा उशीर धरा. पाणी चढताना बोय, कोळंबी आत शिरते आणि तिच्या मागे जिताडा, तांबोशी. म्हणून भरतीच्या दोन तास आधी गरी पाण्यात हवी.

पुनवे-अमावस्येच्या उधाणात पाण्याला ओढ फार. हलकं शिसं वाहत जाऊन खडकात अडकतं, तंगूस तुटतो आणि घरी सांगायला "मोठा होता, तोडून नेलं" तयार! नवख्याने अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, जावं. मासा कमी लागेल, पण हात बसेल. खडकावर बसलात तर परतीची वाट भरतीत बुडत नाही ना, हे आधी बघा.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात सागरी अभयारण्य आहे. कुठे गरी चालते ते तिथल्याच माणसाला विचारा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा "गुपचूप नेतो" म्हणणाऱ्याच्या बोटीत बसू नका.

गोड्या पाण्यात चूक वेगळी. धरण सरकारी म्हणजे मासा फुकट, हा गैरसमज. बहुतेक जलाशय मच्छीमार सोसायट्यांनी ठेक्याने घेतलेले असतात, आधी त्यांना भेटा. महाडजवळ वाळण कोंडीत किंवा पालघरमधल्या वाड्याजवळ तिळसे इथे देवाचे महसीर मासे आहेत. तिथे मुरमुरे टाकून बघत बसायचं, गरी काढायचीसुद्धा नाही.

रोहू-कटल्याला शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा चालतो, मरळीला जिवंत चारा लागतो. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर खाली मरळ राखणीला असते. ती लगेच झेपावते, म्हणून काहीजण मुद्दाम तिथेच गरी टाकतात. माझ्या मते हा निव्वळ हावरटपणा. राखण गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

खाडीत शिंगटी (विषारी काट्यांचा मासा) लागली तर हाताने धरू नका, पकडीने गरी काढा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, कळ उतरते. काटा आत मोडला असेल तर डॉक्टरकडे जा.