तळहातावरचं मिशिगन

उजवा हात समोर धरा, तळवा स्वतःकडे, बोटं जुळवलेली आणि अंगठा थोडा बाजूला. हा झाला अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा नकाशा. इथल्या माणसाला त्याचं गाव विचारलंत तर तो हात वर करून तळव्यावर बोट टेकवतो, आणि पूर्वेकडच्या त्या सुटलेल्या भागाला बातम्यांमध्येसुद्धा 'थंब'च म्हणतात. डेट्रॉईट अंगठ्याच्या खाली, मनगटाजवळ. तुमच्यापैकी बरेचजण पुणे-चाकणच्या वाहन कंपन्यांमधून येणार आणि त्याच्याच आसपास नोव्हाय, ट्रॉय, कँटन किंवा फार्मिंग्टन हिल्समध्ये घर घेणार. आम्ही चिंचवडहून १९९९च्या जानेवारीत आलो, तेही ऐन हिमवादळाच्या आठवड्यात. दोन महिने मी फक्त पार्किंग लॉट आणि करडं आभाळ पाहिलं, आणि मिशिगन म्हणजे एवढंच असं समजून बसले. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी गाडी, कारण तिच्यावाचून इथे दूधही आणता येत नाही. लायसन्ससाठी इतर राज्यांसारखं 'डीएमव्ही' नावाचं ऑफिस शोधू नका, इथे ते काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात होतं. गाडीचा विमा महाग आहे आणि पद्धत 'नो-फॉल्ट': अपघातात चूक कुणाचीही असो, तुमच्या दुखापतीचा खर्च मुळात तुमचीच पॉलिसी देते. जुलै २०२०पासून त्यातल्या वैद्यकीय संरक्षणाची मर्यादा आपण निवडायची असते. हप्ता कमी दिसतो म्हणून सगळ्यात खालची घेऊ नका. तुमचा आरोग्य विमा गाडीच्या अपघाताचा खर्च देतो का, हे आधी लेखी विचारून घ्या.

रस्त्यावर पहिल्याच दिवशी भेटेल तो 'मिशिगन लेफ्ट'. मोठ्या रस्त्यांवर बऱ्याच चौकांत थेट डावीकडे वळता येत नाही. चौक ओलांडून पुढे जायचं, दुभाजकातल्या फटीतून यू-टर्न घ्यायचा आणि परत चौकात येऊन उजवीकडे वळायचं. आठवडाभरात अंगवळणी पडतं. आडवे रस्ते मैलांच्या नावाचे आहेत. एट माईल ही डेट्रॉईटची उत्तर हद्द, आणि तिथून जसजसे उत्तरेला जाल तसतसा आकडा वाढतो.

हिवाळ्याबद्दल थोडंच, पण मनापासून. चांगला कोट आणि बूट घ्या, तिथे काटकसर नको. रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं पत्रा गंजतो, म्हणून गाडी खालूनही धुऊन घ्या. मात्र थंडीपेक्षा अंधार जास्त जड जातो. आपण ईस्टर्न टाइम या वेळेच्या पट्ट्याच्या पश्चिम कडेला आहोत, त्यामुळे डिसेंबरअखेर सूर्य आठच्या सुमाराला उगवतो. त्या दिवसांत घरात कोंडून घेऊ नका. मंडळाच्या कार्यक्रमाला जा, शेजारणीकडे चहाला जा. जूनमध्ये हाच सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि मुलं अंगणातून आत यायला तयार नसतात.

आता हाताच्या वर बघा. डावा हात आडवा धरलात तर तो 'अप्पर पेनिन्सुला', म्हणजे 'यूपी'. हा तुकडा आपल्याला भांडणातून मिळाला. १८३५मध्ये टोलीडोच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो एकमेकांवर सैन्य घेऊन उभे राहिले. शेवटी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, टोलीडो ओहायोला दिलं आणि मिशिगनला या उत्तरेच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग. लोकांना तेव्हा ते ओसाड रान वाटलं. २६ जानेवारी १८३७ला (तारीख आपल्याला विसरता येणार नाही) मिशिगन २६वं राज्य झालं, आणि पुढच्या दशकातच यूपीत तांबं आणि लोखंड सापडलं. खाणीत आलेल्या कॉर्निश (इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या) मजुरांची 'पास्टी', म्हणजे मांस भरून भाजलेली मोठी करंजी, तिकडे अजून घरोघरी होते. मांसाऐवजी नुसत्या भाज्यांचीही काही ठिकाणी मिळते, विचारून बघा.

डेट्रॉईटला जाऊ नका, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ऐकू नका. १७०१मध्ये फ्रेंचांनी वसवलेलं हे गाव, नावाचा अर्थ सामुद्रधुनी. शेजारच्या हायलंड पार्कमध्ये फोर्डनं १९१३मध्ये सरकती असेंब्ली लाइन सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. कामासाठी दक्षिणेतले कृष्णवर्णीय आले, पोलंडचे आले, अरब आले. शेजारच्या डिअरबॉर्नच्या अरब वस्तीत गरम फलाफल खाताना हा सगळा इतिहास ताटात असतो. १९५०मध्ये शहराची वस्ती साडेअठरा लाख होती, २०२०च्या जनगणनेत सुमारे ६ लाख ४० हजार. २०१३मध्ये शहरानं दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा आम्ही इथेच होतो, आणि ते वर्ष फार वाईट गेलं. म्हणूनच १९८८पासून बंद पडलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन २०२४मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा मी त्या दालनात उभी राहून रडले. त्याच फेरीत आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराची कारखान्यातल्या कामगारांची भित्तिचित्रं बघा. शॉप फ्लोअरवर उभं राहिलेल्या माणसाला त्यातले वाकलेले खांदे लगेच ओळखू येतात.

पण खरं मिशिगन पाण्याकाठी आहे. राज्याचं नावच ओजिब्वे भाषेतल्या 'मोठं पाणी' या अर्थाच्या शब्दावरून आलं. पाच महासरोवरांपैकी चार आपल्या राज्याला लागून आहेत. एकटं लेक मिशिगनच महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, आणि ओठाला लागलेलं पाणी गोडं. माझी आई इथे आली तेव्हा तिनं ओंजळभर पाणी चाखून पाहिलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

मे महिना उजाडला की बोटांच्या टोकाकडे निघा. तिथून यूपीला जोडणारा १९५७चा मॅकिनॉ पूल सुमारे आठ किलोमीटरचा आहे. त्याच्या इंग्रजी नावात शेवटी 'सी' लिहितात, पण तो उच्चारायचा नाही. जवळच्या मॅकिनॉ बेटावर १८९८पासून मोटारींना बंदी आहे, तिथे घोडागाडी किंवा सायकल. करंगळीकडे स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्या. तिथला मोठा उतार तळ्यापर्यंत धावत खाली जाता येतो, पण चढून येताना दम निघतो. आईवडील सोबत असतील तर वरूनच बघा. जुलैत ट्रॅव्हर्स सिटीच्या बाजूला आंबट चेरी तयार होते, तिचं लोणचं आमच्या घरी दरवर्षी घालतो.

त्या किनाऱ्यावर पेटॉस्की नावाचा दगड सापडतो. प्राचीन समुद्रातल्या प्रवाळाचा तो जीवाश्म. कोरडा असताना साधा राखाडी खडा वाटतो, पाण्यात बुडवला की षट्कोनी नक्षी उमटते. मुलांच्या हातात एक छोटी बादली द्या. स्लीपिंग बेअरच्या राष्ट्रीय हद्दीतून मात्र दगड उचलायला मनाई आहे, तिथे नक्षी बघायची आणि दगड परत पाण्यात ठेवायचा.