गृहीतकाच्या प्रश्नांची तयारी: बसण्याआधी काय काय पक्कं हवं

स्पर्धा परीक्षांत एक विधान देतात आणि त्यात न बोलता काय धरलंय ते पर्यायांतून ओळखायला सांगतात, ते गृहीतकाचे प्रश्न. सरावाला बसताना पर्याय हाताने झाकून ठेवा. आधी फक्त विधान वाचा आणि वहीत तीन ओळी लिहा: सांगणारा काय करा म्हणतोय, कारण काय देतोय, आणि या दोहोंच्या मधली कुठली गोष्ट तो न बोलता धरून चाललाय. ती तिसरी ओळ म्हणजे गृहीतक. विधानातलंच वेगळ्या शब्दांत आलं असेल तर ते गृहीतक नाही. विधानावरून पुढे निघतो तो निष्कर्ष, तोही नाही.

मग पर्याय उघडा आणि एकेक उलटा करून बघा. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानाची पाटी धरू: 'गणपतीची गर्दी टाळायची असेल तर सकाळी १० च्या आत या.' पहिला पर्याय, दुकान १० च्या आधी उघडतं. उलटा करा: उघडत नाही. पाटीला अर्थच उरला नाही, म्हणजे हे गृहीत आहे. दुसरा, सगळ्या गिऱ्हाइकांना सकाळी यायला जमतं. इथेच मुलं घसरतात, कारण उलटं करताना 'कुणालाच जमत नाही' असं धरतात. तसं धरलं की पाटी फुकट ठरते आणि चुकीचा पर्याय बरोबर वाटू लागतो. 'सगळ्यांना जमतं' याच्या उलट 'काहींना जमत नाही' एवढंच होतं. काहींना जमलं नाही तरी पाटी चालतेच, म्हणून हे गृहीत नाही. तसंच 'काही' च्या उलट 'एकही नाही', 'नेहमी' च्या उलट 'कधीकधी नाही'. या जोड्या तोंडपाठ हव्यात. गणपतीत सकाळीसुद्धा गर्दी असते हे तुम्हाला ठाऊक असेल, पण ते इथे आणायचं नाही. पाटी लावणाऱ्याने काय धरलंय, तेवढंच बघायचं.

आपल्या बेळगाव भागातल्या मुलांनी भाषेवर वेगळे दोन दिवस द्यावेत, आमच्या मते ते सगळ्यात जास्त कामाला येतात. केपीएससीचा (कर्नाटक लोकसेवा आयोग) पेपर कन्नड आणि इंग्रजीत, यूपीएससीचा (केंद्रीय लोकसेवा आयोग) हिंदी आणि इंग्रजीत, आणि डोक्यात विचार मराठीत. कन्नड पर्यायात '१ मात्र' दिसलं की त्याचा अर्थ 'फक्त १'. मराठीतला 'पण' या अर्थाचा 'मात्र' तिथे डोक्यात आला की वाक्यच फिरतं. इंग्रजीतलं 'इफ' म्हणजे 'तर', 'ओन्ली इफ' म्हणजे 'तरच'; एका 'च' ने उत्तर बदलतं. मराठीत 'सुद्धा', 'अजून', 'पुन्हा', 'आता' यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची सवय लावा. 'आता खानापूरची बस वेळेवर सुटते' म्हटलं की पूर्वी सुटत नव्हती हे आत आलंच.

'फक्त', 'सर्वच', 'एकमेव उपाय' असे टोकाचे शब्द पर्यायात दिसले की थांबा. बहुतेकदा विधानाला एवढं लागत नाही. पण विधानातच तसा शब्द असेल तर पर्याय नुसता त्या शब्दावरून काटू नका.

घड्याळ शेवटच्या पंधरवड्यात लावा. सीसॅटला, म्हणजे यूपीएससी पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरला, १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. प्रश्न अडीच मार्कांचा, चुकलं की त्याचा एक तृतीयांश जातो. दोन पर्याय उलटे करूनही निकाल लागत नसेल तर पुढे जा, आणि घरी आल्यावर तोच प्रश्न वहीत तीन ओळींत मांडा.