आमवात आणि मोबाइल: या चुका टाळा

सगळ्यात धोक्याची चूक आधी सांगते, कारण ती मी स्वतः करता करता वाचले.

मेथोट्रेक्सेट ही आमवातावरची (सांधे सुजवणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरची) गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. औषधांची आठवण करून देणाऱ्या माझ्या ॲपमध्ये मात्र नवं औषध टाकलं की 'दररोज' हा पर्याय आधीच निवडलेला यायचा. मी नाव भरलं, रात्री नऊची वेळ लावली आणि 'सेव्ह' दाबलं. सोमवारी गोळी घेतली. मंगळवारी नऊला फोन परत वाजला. गोळी तळहातावर होती, तेवढ्यात पाकिटावर पेनाने लिहिलेलं 'फक्त सोमवार' दिसलं. हे औषध चुकून रोज पोटात गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावरही बेततं.

तेव्हा वार स्वतः निवडा. गोळी किती मिलिग्रॅमची तेही लिहा, २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची गल्लत होते. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची आठवण वेगळी लावा. मग पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर उघडून बघा, मेथोट्रेक्सेट एकदाच दिसायला हवं. जास्तीची गोळी गेलीच, तर त्रास होण्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

दुसरी गडबड रिपोर्टच्या आकड्यांची. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) २४ वरून २.४ वर आला म्हणून हुरळून जाण्याआधी आकड्यापुढचं एकक वाचा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजते, दुसरी प्रति डेसिलिटरमध्ये. २४ आणि २.४ हे तेव्हा एकच असतात. ॲपमध्ये नुसता आकडा भरला की आलेख कोसळतो, सूज मात्र तिथेच. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा.

'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह' एवढंच चॅटबॉटला विचारून रात्रभर जागणारेही बरेच. आमवातात अनेकदा रक्तात सापडणारा हा फॅक्टर काही निरोगी माणसांतही सापडतो, आणि निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही असंही नाही. चॅटबॉटला 'सांधे दुखतात' एवढंच सांगितलं तर उत्तरही तेवढंच मोघम येणार. कोणते सांधे, किती आठवडे, सकाळी हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागतात, हालचालीने बरं वाटतं की वाढतं, हे लिहा; आणि तोच मजकूर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सांध्यांना सूज असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्धा तास सुटत नसेल, तर त्रास सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवं. व्हिडिओ कॉल नंतरच्या भेटींना चालतो, पहिल्या निदानाला नाही. सांध्यातली मऊ, लिबलिबीत सूज बोटांनी दाबूनच कळते.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर. सूज सकाळी असते आणि अपॉइंटमेंट संध्याकाळी, त्यामुळे फोटो खरोखर उपयोगी पडतात. पण कॅमेऱ्याचा ब्युटी मोड आधी बंद करा. सुजलेल्या सांध्यावरच्या सुरकुत्या नाहीशा होतात, आणि हा मोडही नेमकं तेच करतो! दोन्ही हात एका रंगाच्या कापडावर पालथे ठेवा, खिडकीचा उजेड घ्या, फ्लॅश नको. दुसरा फोटो मूठ वळून काढा, म्हणजे बोटं तळव्यापासून किती लांब राहतात ते दिसतं.

सांधे मोजणाऱ्या ॲपवर बाहुलीचं चित्र असतं. त्यातली बरीचशी २८ सांध्यांची पद्धत वापरतात, आणि त्या २८ मध्ये घोटे आणि पावलं येतच नाहीत. तुमचं दुखणं पावलात असेल तर स्कोअर छान आणि चालणं मुश्कील! ते शेऱ्यात लिहा आणि भेटीत मोजे काढून दाखवा.

दुखण्याची नोंद भेटीच्या आदल्या रात्री बसून महिन्याभराची भरू नका. ठरलेल्या वेळी, थोडी थोडी. स्मार्टवॉच सुजलेल्या मनगटावर नको. आणि पावलांचा आकडा घटला म्हणजे आजार उसळलाच असं नाही, कधी नुसता आळसही असतो.

एक गोष्ट मात्र ॲपवर नोंदवत बसायची नाही. एकच सांधा अचानक सुजून गरम झाला, हलवता येईना, सोबत ताप, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. बायोलॉजिक इंजेक्शनं (आमवातावरची, प्रतिकारशक्ती दाबणारी) चालू असतील तर ताप नसतानाही. चॅटवरच्या मेसेजला उत्तर उद्या येईल. तुम्ही आत्ताच आपत्कालीन विभागात जा.