पुढच्या वर्षात काय काय आहे ते आत्ताच लावून ठेवा (2027 साठी)

डिसेंबर संपता संपता सगळेजण नवीन कॅलेंडर उघडतात, सुट्ट्या बघतात, वाढदिवस टाकतात आणि झालं. पण 2027 मध्ये नक्की होणार असलेल्या कितीतरी गोष्टी आजच माहीत आहेत, काहींची तर वेळ मिनिटापर्यंत, आणि तरी त्या दिवशी सकाळी बातमी वाचून आपल्याला कळतं की अरे आज होतं हे. हे टाळता येतं. एक शांत दुपार पुरते, फक्त पद्धत लागते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. सगळ्या तारखा सारख्या पक्क्या नसतात, आणि बहुतेक लोक त्या एकाच रंगात एकाच प्रकारे लिहून टाकतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो. माझ्याकडे तीन खुणा आहेत: पक्कं, जाहीर, अंदाजे. नोंदीच्या नावातच पहिला शब्द हा टाकायचा, म्हणजे मोबाइलवर एका नजरेत कळतं.

पक्कं म्हणजे ज्याला कोणाची परवानगी लागत नाही. ग्रहणं, पौर्णिमा, ग्रहांच्या प्रतियुती (म्हणजे ग्रह सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येणं), वार कुठला येणार हे. 1 जानेवारी 2027 ला शुक्रवार आहे, 2021 चं कॅलेंडर जसंच्या तसं लागू पडतं, हे कोणी बदलू शकत नाही. जाहीर म्हणजे एखाद्या संस्थेने तारीख दिलीये, ती बहुतेक पाळली जाईल पण हलू शकते. टोकियो ऑलिंपिकच्या नावात 2020 राहिलं आणि स्पर्धा झाली 23 जुलै 2021 पासून. आणि अंदाजे म्हणजे फक्त महिना किंवा तिमाही माहीत आहे. रॉकेटची उड्डाणं तर तारीख जाहीर झाली तरी मी अंदाजेमध्येच टाकते. जेम्स वेब दुर्बिणीचं उदाहरण घ्या, 31 ऑक्टोबर 2021 म्हणाले, मग 18 डिसेंबर, मग 22, मग 24, आणि शेवटी गेली ती 25 ला. सुट्टी टाकून बसलेल्या माणसाने काय करायचं?

आता भरायला सुरुवात आकाशापासून करा, कारण ते कधीच बदलणार नाही आणि बाकीचं त्याभोवती बसवता येतं.

2027 मधली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 2 ऑगस्टचं खग्रास सूर्यग्रहण, सोमवार आहे. दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया असा पट्टा आहे आणि इजिप्तमध्ये लक्सरजवळ सूर्य तब्बल 6 मिनिटं 23 सेकंद पूर्ण झाकला जाईल. एवढं लांब खग्रास ग्रहण यानंतर थेट 2114 मध्ये, म्हणजे आज ही ओळ वाचणाऱ्या बहुतेकांसाठी आयुष्यातली हीच एक संधी. पट्ट्याच्या बाहेर खूप मोठ्या भागात ते खंडग्रास दिसेल, पण खंडग्रास आणि खग्रास यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 99 टक्के झाकलेला सूर्यसुद्धा दिवस राहू देतो, भोवतीचं प्रभामंडळ दिसत नाही. त्यामुळे जायचं असेल तर पट्ट्याच्या आतच जा, काठावर नको. मधल्या रेषेच्या जितकं जवळ तितकी जास्त मिनिटं, काठाला काही सेकंदच मिळतात.

जागा निवडताना फक्त मिनिटं बघू नका, हवा बघा. ऑगस्टमध्ये लक्सरला ढग जवळजवळ नसतातच, पण ऊन 40 अंशांच्या वर आणि ग्रहण भर दुपारी. मोरोक्कोतल्या टँजियरला पाच मिनिटांपेक्षा थोडं कमी मिळतं, स्पेनमधल्या काडिझला तीन मिनिटांच्या आसपास. माझं मत विचाराल तर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर कमी मिनिटांची, सकाळच्या वेळेची जागा बरी.

इथे मुख्य मुद्दा येतो. कॅलेंडरमध्ये फक्त 2 ऑगस्ट लिहून काहीच उपयोग नाही. त्या तारखेपासून उलटं मोजत या आणि प्रत्येक कामाची वेगळी नोंद करा. राहण्याची सोय खूप आधी, कारण ग्रहणाच्या पट्ट्यातली हॉटेलं वर्षभर आधीच भरायला लागतात. पासपोर्ट तपासायचा, बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तो चालू असायला लागतो, म्हणजे ऑगस्टच्या प्रवासासाठी फेब्रुवारी 2028 पर्यंत. व्हिसाची तारीख वेगळी. ग्रहणाचे चष्मे निदान दोन महिने आधी, आणि ते आयएसओ 12312-2 मानकाचेच, साधे गॉगल किंवा एक्स-रे फिल्म अजिबात चालत नाही. सुट्टीचा अर्ज वेगळा. म्हणजे एका घटनेच्या पाच-सहा नोंदी होतात आणि त्यातली घटनेची नोंद सगळ्यात बिनकामाची, कारण तो दिवस तुम्ही विसरणारच नाही आहात, विसरता ते आधीचं.

अजून एक सोपी युक्ती, ग्रहणं एकटी येत नाहीत. एक सापडलं की पंधरा दिवस मागे-पुढे बघायचं. 6 फेब्रुवारी 2027 ला कंकणाकृती सूर्यग्रहण आहे (चिली, अर्जेंटिना आणि मग अटलांटिक ओलांडून पश्चिम आफ्रिका), तर 20 फेब्रुवारीला छायाकल्प चंद्रग्रहण. तसंच 2 ऑगस्टच्या दोन्ही बाजूंना 18 जुलै आणि 17 ऑगस्टला छायाकल्प. छायाकल्पसाठी मात्र झोपमोड करू नका असं मी म्हणेन, चंद्र जरासा मळकट दिसतो एवढंच, आणि 2027 मधली तिन्ही चंद्रग्रहणं त्याच प्रकारची आहेत. कॅलेंडरमध्ये काय टाकायचं नाही हे ठरवणंसुद्धा तेवढंच महत्त्वाचं.

उल्कावर्षावांच्या बाबतीत लोक नेमकं हेच करत नाहीत. दरवर्षीची यादी येते, लोक ती कॉपी करतात, आणि त्या रात्री डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र असतो. आधी पौर्णिमा-अमावस्या टाका आणि मग उल्कावर्षाव त्याच्यावर ठेवून बघा. 2027 मध्ये जेमिनिड, जे एरवी वर्षातले सगळ्यात चांगले, 13-14 डिसेंबरला आणि पौर्णिमा 13 डिसेंबरला, म्हणजे फक्त ठळक उल्का दिसतील. लिरिड 22 एप्रिलच्या आसपास, पौर्णिमा 20 ला, तेही गेलं. पर्सिडच्या वेळी, 12-13 ऑगस्टला, चंद्र मोठा असेल पण मध्यरात्रीनंतर मावळतो, म्हणून गजर पहाटेचा लावा. आणि ज्याकडे कोणी फारसं बघत नाही ते ईटा अ‍ॅक्वेरिड, हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीतून येणारे, 5-6 मे च्या पहाटे, आणि अमावस्या 6 मे ला! या वर्षी खूण त्याच्यावर करा, त्यातही दक्षिण गोलार्धात असाल तर नक्कीच. एकच तारीख दरवर्षी चंद्राच्या हिशोबाने साधारण 11 दिवस सरकते, त्यामुळे मागच्या वर्षी छान दिसलं म्हणून यंदाही दिसेल असं नसतं.

आणि हो, रात्रीच्या गोष्टी टाकताना एक काळजी घ्या. 5-6 मे ची पहाट म्हणजे कॅलेंडरमध्ये 6 तारीख, पण तयारी 5 ला संध्याकाळी. मी नोंद नेहमी आदल्या संध्याकाळी सातची टाकते आणि नावात लिहिते "आज रात्री उठायचंय". दिवसभराची नोंद टाकलीत तर आठवण 6 ला सकाळी नऊला वाजेल आणि तोवर ऊन आलेलं असेल.

ग्रहांसाठी फेब्रुवारी पुरे. 10 तारखेच्या सुमारास गुरूची प्रतियुती, 19 ला मंगळाची, दोघेही जवळजवळ रात्रभर आकाशात. मंगळ यावेळी लांबच आहे, साधारण 10 कोटी किलोमीटर, पण त्याची प्रतियुती सुमारे 26 महिन्यांनी एकदा येते त्यामुळे सोडू नका. शनी 18 ऑक्टोबरला. 7 ऑगस्टला 1999 एएन10 नावाचा लघुग्रह साधारण चंद्राएवढ्या अंतरावरून जाईल, धोका काही नाही, पण त्या आठवड्यात घाबरवणारे फॉरवर्ड येतील तेव्हा नोंद हाताशी असलेली बरी.

आता माणसांनी ठरवलेलं. खेळांचं पटकन सांगते. एएफसी आशियाई फुटबॉल 7 जानेवारी ते 5 फेब्रुवारी सौदी अरेबियात, महिलांचा फुटबॉल विश्वचषक 24 जून ते 25 जुलै ब्राझीलमध्ये, जागतिक अ‍ॅथलेटिक्स 11 ते 19 सप्टेंबर बीजिंगला, रग्बी विश्वचषक 1 ऑक्टोबर ते 13 नोव्हेंबर ऑस्ट्रेलियात. पुरुषांचा एकदिवसीय क्रिकेट विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात, म्हणजे रग्बी आणि क्रिकेट एकमेकांवर येणार, दोन्ही बघणाऱ्यांनी घरच्यांशी आत्ताच बोलून ठेवा. सामन्यांच्या तारखा हाताने टाकत बसू नका, अधिकृत कॅलेंडर सबस्क्राइब करा. फाइल डाउनलोड करून इम्पोर्ट केली तर ती तिथेच गोठते, सामना पुढे ढकलला तरी तुमच्याकडे जुनी वेळ राहते. सबस्क्राइब केलेलं आपोआप बदलतं. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून बरेच जण फसतात.

वेळेबद्दल शेवटचं, आणि हे परदेशातल्या लोकांसोबत काम करणाऱ्यांनी तर वाचाच. अमेरिकेत घड्याळ 14 मार्च 2027 ला पुढे जातं, युरोपात 28 मार्चला. मागे येतं ते युरोपात 31 ऑक्टोबरला, अमेरिकेत 7 नोव्हेंबरला. या मधल्या दिवसांत दोघांमधलं नेहमीचं अंतर एका तासाने बदललेलं असतं, आणि जिथे घड्याळ बदलतच नाही तिथल्या माणसाला दोन्हीकडून वेगवेगळ्या दिवशी धक्का बसतो. त्यामुळे दर आठवड्याची मीटिंग लावताना ती कोणाच्या टाइमझोनमध्ये धरायची हे आधी ठरवा आणि नोंदीत तोच झोन निवडा. आकाशातल्या घटनांच्या वेळा बहुतेक ठिकाणी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) दिलेल्या असतात, त्या आपल्या वेळेत बदलताना तारीखही बदलते का ते तपासा, मध्यरात्रीच्या आसपासची घटना असेल तर बऱ्याचदा बदलते.

सगळं भरून झालं की दर तीन महिन्यांनी अर्ध्या तासाची एक नोंद टाका, त्या दिवशी फक्त "अंदाजे" वाल्या नोंदी उघडायच्या, तारीख जाहीर झाली असेल तर खूण बदलायची, वर्ष उलटून गेलं असेल तर काढून टाकायची. "पक्कं" ला हात लावायची गरज नाही. आणि सप्टेंबरच्या तपासणीत 2028 चीही दोन पानं उघडा: 14 जुलैला लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक सुरू होतंय, आणि 22 जुलैला खग्रास ग्रहणाचा पट्टा थेट सिडनी शहरावरून जातोय, तिथली राहण्याची सोय बघायची वेळ हीच.