परदेशी लायसन्स घेऊन अमेरिकेत येणारा जोडीदार आणि गाडीचा विमा: निघण्याआधीपासूनची तयारीची यादी

भारतात मोटार विमा गाडीला चिकटलेला असतो. मालकाची परवानगी आणि चालू लायसन्स असलं की स्टिअरिंगवर भाऊ बसला काय नि मेहुणा बसला काय, कंपनी आधी काही विचारत नाही. अमेरिकेत पहिला प्रश्नच घरातल्या माणसांबद्दल येतो: या पत्त्यावर गाडी चालवण्याच्या वयाचं कोण कोण राहतं, प्रत्येकाकडे कुठलं लायसन्स आहे, ते पहिल्यांदा कधी मिळालं. त्यामुळे नवरा किंवा बायको एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डावर राहायला आली की तिने गाडीला हात लावलेला नसला तरी पॉलिसीच्या लेखी घर बदललेलं असतं. सगळी तयारी या फरकावर उभी आहे. तिचा मोठा भाग भारतातच उरकावा लागतो, कारण अनुभवाचा पुरावा तिथल्या आरटीओकडे आहे.

निघायच्या दोन महिने आधी लायसन्सचं कार्ड हातात घेऊन बारीक अक्षरं वाचा. वाहनांच्या वर्गाचे जे रकाने असतात, त्यात प्रत्येक वर्गापुढे स्वतंत्र तारीख असते. एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची दुचाकी, एलएमव्ही म्हणजे चारचाकी. पुष्कळांच्या कार्डावर दुचाकीची तारीख कॉलेजातली असते आणि एलएमव्ही पाच-सात वर्षांनी चढवलेलं असतं. अमेरिकी कंपनी मोजणार ती चारचाकीचीच वर्षं. एलएमव्ही नसेलच, तर कार चालवण्याचा अनुभव कागदावर शून्य आहे हे आत्ताच मान्य करावं आणि जमत असेल तर निघण्याआधी ते चढवून घ्यावं.

तारखेतही एक खाच आहे. आपल्याकडे ०५-११-२०१४ म्हणजे ५ नोव्हेंबर, तिकडे तो ११ मे वाचला जातो. लायसन्सवरच्या तारखा एजंटला कळवताना महिना अक्षरात लिहा. हीच चूक जन्मतारखेत झाली तर पुढे मोटार व्हेईकल खात्याच्या नोंदीशी ती जुळत नाही आणि कंपनीला ड्रायव्हर सापडतच नाही.

त्यानंतर नाव. लायसन्स माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने, ही मराठी घरातली नेहमीची गोष्ट. त्यात मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हा आणखी एक घोळ. पासपोर्ट, व्हिसा आणि अमेरिकेत उतरल्यावर मिळणारी आय-९४ नोंद यांतलं नाव हेच तिथे प्रमाण धरलं जातं. लायसन्स त्याला जुळवून घ्यायचं. वेळ असेल तर आरटीओत नाव बदलून घ्या. वेळ नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत जवळ ठेवा आणि जुनं-नवं नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल तर ते मात्र पासपोर्टातच दुरुस्त करावं. त्याचा त्रास विम्यापुरता राहत नाही, बँकेपासून घरभाड्याच्या करारापर्यंत सगळीकडे आडवा येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद: लायसन्सचा उतारा. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर डीएल एक्स्ट्रॅक्ट नावाची सेवा आहे, तिथे अर्ज करून तो घ्यावा. लायसन्स पहिल्यांदा कधी दिलं, कोणते वर्ग कधी चढले, मुदत कधीपर्यंत, हे त्यात आरटीओच्या नोंदीवरून येतं. कार्डाचं नूतनीकरण झालेलं असेल किंवा पत्ता बदलून नवं कार्ड आलं असेल, तर एजंटची नजर नेमकी अलीकडच्या तारखेवर जाते आणि बारा वर्षांचा ड्रायव्हर दोन वर्षांचा होऊन बसतो. उतारा असला की हा वाद लांबत नाही. जुनं वहीसारखं, हाताने लिहिलेलं लायसन्स असेल तर त्याची नोंद संगणकावर चढलेली आहे का ते आधी तपासा. नसेल तर मूळ आरटीओत जाऊन ती चढवून घ्यावी लागते, आणि हे काम परदेशात बसून होत नाही. सारथीवरचा ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर वडिलांचा किंवा बंद पडलेला असेल तर आधी बदला, आणि भारतातलं सिम निदान वर्षभर चालू ठेवा.

लायसन्सची मुदतही बघा. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर परत चाचणी द्यावी लागते. अमेरिकेत पोचल्यावर चार महिन्यांत संपणारं लायसन्स घेऊन जाण्यात शहाणपण नाही.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढायचं. अर्ज फॉर्म ४-ए वर, शुल्क १००० रुपये, सोबत लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेही तिथेच संपतं. या कागदाबद्दल फार गैरसमज आहेत. तो मूळ लायसन्सचा सर्वमान्य अनुवाद आहे, मूळ कार्ड जवळ नसेल तर त्याला किंमत नाही. त्यावर एक वर्ष लिहिलेलं असतं म्हणून वर्षभर गाडी चालवता येईल, असं तर अजिबात नाही. रहिवासी झाल्यावर किती दिवसांत स्थानिक लायसन्स काढायचं ते प्रत्येक राज्य ठरवतं: कॅलिफोर्नियात १० दिवस, न्यूयॉर्कमध्ये ३०, न्यू जर्सीत ६०. जोडीदार तिथे नांदायला आला आहे, पर्यटनाला नाही, हे लक्षात ठेवून ही मुदत मोजावी.

भारतातल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र आणावं का, हा प्रश्न हमखास येतो. गाडी जोडीदाराच्या स्वतःच्या नावावर असेल तर जरूर आणा: कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, पॉलिसी क्रमांक, किती वर्षं विमा होता आणि किती क्लेम झाले यांसह. पण आपल्याकडे गाडी बहुधा वडिलांच्या, सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असते. रोज गाडी चालवणाऱ्या बाईचं नाव त्या पॉलिसीत कुठेच नसतं, मग पत्र आणलं तरी ते तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. अशा वेळी उताऱ्यावरच भिस्त. ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याच्यासाठीही हे पत्र अमेरिकेत जोडकागद म्हणूनच धरा. बऱ्याच कंपन्या ते हिशेबात घेत नाहीत.

इकडे हे चालू असताना अमेरिकेत आधीपासून असलेल्या जोडीदाराने स्वतःची पॉलिसी काढून वाचावी. बऱ्याच पॉलिसींत एकाच घरात राहणारा नवरा किंवा बायको व्याख्येनेच विमाधारकात मोडते. यावरून लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. नव्या सदस्याची माहिती देण्याची अट त्याच पॉलिसीत असते. अपघात झाला, कंपनीने चौकशी केली आणि सहा महिने घरात राहणारा माणूस लपवलेला निघाला, तर मागचा प्रीमियम वसूल होऊ शकतो, क्लेम अडकू शकतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. मित्राने एखाद्या दिवशी तुमच्या परवानगीने गाडी नेली तर विमा लागू होतो. घरातल्या माणसाला त्याच नियमात बसवू नका.

येण्याच्या तारखेआधी आठवडाभर फोन करा. ऑनलाइन फॉर्मवर हे काम सहसा अडतं, कारण लायसन्सच्या राज्याच्या यादीत परदेशी लायसन्सचा पर्याय प्रत्येक ठिकाणी नसतो आणि क्रमांकाची रचना जुळत नाही म्हणून पान पुढे सरकत नाही. एजंटला थेट विचारा: परदेशी लायसन्सवर ड्रायव्हर म्हणून घेता का? अनुभवाची वर्षं धरता का, आणि त्यासाठी कोणता कागद चालेल? स्थानिक लायसन्स किती दिवसांत द्यावं लागेल? सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) नाही, मग काय? एच-४ वर आलेल्या आणि कामाची परवानगी नसलेल्या जोडीदाराला तो नंबर मिळत नाही, आणि त्यावाचून विमा अडायला नको. एका ठिकाणी नकार मिळाला किंवा रक्कम नवशिक्याची सांगितली, तर लगेच हो म्हणू नका. परदेशी अनुभवाबाबत प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे आहेत. अनेक कंपन्यांचे दर दाखवणारा स्वतंत्र एजंट इथे खरोखर उपयोगी पडतो.

प्रीमियम ऐकून कोणीतरी सुचवेल की नाव एक्सक्लूडेड ड्रायव्हर, म्हणजे विम्यातून वगळलेला ड्रायव्हर, म्हणून टाका, पैसे वाचतील. काही राज्यांत हे चालतं, काहींत चालत नाही. चालत असलं तरी माझं मत स्पष्ट आहे: गाडी शिकण्याचा किंवा चालवण्याचा थोडासुद्धा विचार असेल तर हे करू नका. रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं सराव करताना खांबाला ठोकलं तरी त्या माणसासाठी विमा शून्य असतो. रात्री-अपरात्री तुम्हालाच दवाखान्यात न्यायची वेळ आली तरीही शून्य. गाडी खरंच चालवणार नसेल, तर घरातला सदस्य पण लायसन्स नाही, अशी नोंद करता येते का ते विचारा.

जोडीदाराच्या नावाने वेगळी नवी पॉलिसी काढण्यात बहुतेक वेळा तोटाच होतो. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्स सोडले तर बहुतेक राज्यांत क्रेडिट इतिहासाचा, म्हणजे कर्ज आणि त्याच्या परतफेडीच्या नोंदीचा, दरावर परिणाम होतो, आणि नव्याने आलेल्या माणसाचा तो इतिहास कोराच असतो. चालू पॉलिसीत नाव घालणं बरं.

नाव घालतानाच विम्याच्या मर्यादाही वाढवाव्यात. कायद्याने लागणारी किमान मर्यादा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ३०/६०/१५ आहे, म्हणजे एका जखमीसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १५ हजार. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२६ पासून ती ३५/७०/२५ झाली. तिथल्या हॉस्पिटलची बिलं आणि आजच्या गाड्यांच्या किमती पाहता ही रक्कम फारच तुटपुंजी आहे. घरात उजव्या बाजूने गाडी चालवायला नव्याने शिकणारा माणूस असेल तर निदान १००/३००/१०० घ्या. प्रीमियम आवरायचा असेल तर डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, ५०० वरून १००० डॉलर करा. मर्यादा कापू नका.

विमान उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स देणाऱ्या मोटार व्हेईकल खात्यात, धावू नका. इमिग्रेशनची स्थिती तिथे सेव्ह नावाच्या सरकारी यंत्रणेतून तपासतात, आणि नवी नोंद तोवर पोचलेली नसते. आधी आय-९४ ऑनलाइन काढून नावाचं एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा. चूक असेल तर ती आधी दुरुस्त करा. पत्त्याचा पुरावा हा दुसरा अडथळा. भाडेकरार, वीज, इंटरनेट सगळं एकाच्या नावावर असतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात करारात जोडीदाराचं नाव घालून घ्या आणि बँकेत संयुक्त खातं उघडा. दोघांची नावं असलेलं स्टेटमेंट मग सगळीकडे चालतं. काही राज्यांत सोशल सिक्युरिटी कार्यालयाचं नंबर मिळण्यास पात्र नसल्याचं पत्रही मागतात.

लेखी परीक्षा गृहीत धरा. न्यू जर्सीत ५० प्रश्नांपैकी ४० बरोबर यावे लागतात. कॅलिफोर्नियात परदेशी लायसन्स असलं तरी गाडी चालवून दाखवावीच लागते. चाचणीला गाडी तुम्हीच न्यायची, तिचं रजिस्ट्रेशन आणि विम्याचा पुरावा सोबत हवा. म्हणून विम्यात नाव आधी आणि चाचणी नंतर. न्यू जर्सीत परीक्षकाचा हात किंवा पाय ब्रेकपर्यंत पोचला पाहिजे, अशी अट आहे. मधे मोठा कन्सोल असलेली गाडी नेली तर चाचणी न घेताच परत पाठवतात. आपल्याकडून गेलेले कसलेले ड्रायव्हरसुद्धा तीन ठिकाणी हमखास गुण घालवतात: स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबवत नाहीत, लेन बदलताना मान वळवून बघत नाहीत, आणि लाल दिव्याला उजवीकडे वळताना आधी थांबत नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलचे दोन-तीन तास घेतले तर या सवयी सुटतात.

लायसन्स हातात आलं की त्याच दिवशी क्रमांक कंपनीला कळवा, आणि इथेच डोळ्यांत तेल घालून बघा. नवा क्रमांक घालताना पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याचं वर्ष आपोआप चालू वर्ष होऊन बसतं आणि इतका खटाटोप करून मिळवलेला अनुभव पुसला जातो. उतारा पुन्हा पाठवा, वर्ष दुरुस्त करून मागा आणि सुधारित डिक्लरेशन पेज (पॉलिसीचा तपशील असलेलं पहिलं पान) मागवून घ्या. त्यावर नावाचं स्पेलिंग, नाव कधीपासून लागू आहे ती तारीख आणि ड्रायव्हरचा प्रकार, या तीन गोष्टी स्वतः वाचा. फोनवर कोणी काय सांगितलं याला क्लेमच्या वेळी अर्थ नसतो. कॅलिफोर्नियात गुड ड्रायव्हर म्हणून किमान २० टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी तीन वर्षांचा परवाना लागतो. भारतातली वर्षं त्यात कशी धरतात ते लेखी विचारून घ्या. न्यूयॉर्कमध्ये सरकारमान्य डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला तर दरात १० टक्के सूट तीन वर्षं मिळते.

व्हिसावरच्या माणसाचं लायसन्स बहुधा आय-९४ च्या तारखेला संपतं. मुदतवाढीचा अर्ज केलेला असला तरी लायसन्स आपोआप वाढत नाही, आणि मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवणं विम्यालाही जाचतं. ती तारीख दोघांच्याही फोनमध्ये तीन महिने आधीच्या गजरासह नोंदवा, आणि मुदतवाढीच्या अर्जाची आय-७९७ पावती आली की तिची प्रत घेऊन डीएमव्हीत तात्पुरती मुदतवाढ मिळते का ते विचारा.