हेडलाइटचा पिवळेपणा घरच्या घरी कसा घालवावा

हेडलाइट पिवळे पडले की सोसायटीतला प्रत्येक जण एकच उपाय सांगतो: टूथपेस्ट लावा. लावून पाहिली आहे. टूथपेस्टमधल्या बारीक कणांमुळे वरचा धुरकट थर थोडा निघतो, दोन-तीन आठवडे बरं दिसतं आणि मग पुन्हा तेच. दुसरा सल्ला डास पळवायचा स्प्रे मारायचा. त्याने डोळ्यांदेखत फरक पडतो, कारण त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा थर मऊ करतं. तोच चिकट थर पुढे धूळ धरून बसतो, आणि ओघळ बॉनेटवर गेला तर रंगही खराब होतो. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर जवळही आणू नका. त्याने जाळीसारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या नंतर कशानेही जात नाहीत.

हे सगळे उपाय फसतात, कारण पिवळेपणा म्हणजे मळ नव्हे. आपण सवयीने ‘काच’ म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. जुन्या पद्मिनी टॅक्सीचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. फुटायचे, पण पिवळे पडत नसत. पॉलिकार्बोनेट दगड लागला तरी सहसा फुटत नाही, मात्र उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पारदर्शक संरक्षक थर दिलेला असतो. उघड्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो थर मरतो, तडकतो, आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडू लागतं. तेव्हा काम दोन भागांचं आहे: मेलेला थर पूर्ण काढायचा आणि नवा द्यायचा. फक्त चमकवून सोडलेला हेडलाइट उघडा पडतो आणि आधीपेक्षा लवकर पिवळा होतो.

मला याची निकड कळली ती गणपतीला गावी जाताना. कशेडी घाटात रात्री पाऊस लागला आणि रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा मला दिसेना. बल्ब नवे होते. प्रकाश त्या पिवळ्या प्लास्टिकमध्येच अडकत होता.

सुरुवातीला नखाने तपासा. हेडलाइटवर नख फिरवल्यावर खरखरीत लागलं, पापुद्रे जाणवले, तर दोष बाहेरचा आहे आणि घरी दुरुस्त होतो. आतून पाणी साचून धुकं धरलं असेल किंवा चिरा प्लास्टिकच्या आत खोल गेल्या असतील, तर घासून काही होणार नाही.

सामान: 800, 1000, 1500 आणि 2000 नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, नंबर मोठा तितका बारीक), मास्किंग टेप, बादलीभर पाण्यात दोन थेंब शाम्पू, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुनी वर्तमानपत्रं, आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा, प्लास्टिकवर चालणारा क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक थराचा, स्प्रे. डब्यावर ‘यूव्ही’ स्पष्ट छापलेलं असल्याशिवाय घेऊ नका. पेपर कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळतात, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हवे ते नंबर सुटे मिळतात. स्प्रेसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड बघा. हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, मिसळायचे टू-के स्प्रे जास्त टिकतात, पण त्यांच्या वाफा फुप्फुसांना घातक असतात आणि कापडी मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. घरी साधा, बिनहार्डनरचा वन-के वापरावा.

घासणं

भोवतीच्या रंगावर टेपचे दोन थर लावा, एक थर पेपरने फाटतो. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा आणि 800 ने सुरू करा. सतत पाणी सोडत, आडवे हात मारा. थोड्याच वेळात हळदीच्या दुधासारखा पिवळा ओघळ बंपरवर उतरेल. तो मेलेला थर आहे. ओघळ पांढरा होईपर्यंत घासत राहायचं.

इथे लोक घाबरतात. हेडलाइट दुधी, आंधळा दिसू लागतो. माझ्या शेजारचे काका धावत आले होते, “अहो, होती नव्हती तीही काच घालवलीत!” म्हणत. घाबरून मध्येच थांबलात तर जुन्या थराची बेटं तशीच राहतात. पुसून कोरडं करा आणि तिरक्या उजेडात बघा: नकाशावरच्या किनाऱ्यासारख्या कडा दिसल्या, तर तिथे अजून थर शिल्लक आहे. वरची कड विशेष तपासा, ऊन सगळ्यात जास्त तिथेच लागतं. सगळा पृष्ठभाग एकसारखा मंद झाला की मग 1000 उभ्या हातांनी आणि 1500 पुन्हा आडव्या हातांनी. प्रत्येक नंबरआधी बादलीतलं पाणी बदला. मागच्या पेपरचा एक कण राहिला तरी ओरखडा उठतो. शेवटी 2000 हलक्या हाताने, दोन मिनिटं.

आता स्वच्छ पाणी मारा. ओला असताना हेडलाइट आरपार दिसला, आतला बल्ब आणि रिफ्लेक्टर लख्ख दिसले, तर घासणं झालं. क्लिअर कोट दिल्यावर तो असाच दिसणार आहे. ओला असतानाही रेघा दिसत असतील, तर आणखी एकदा 1500 वर जा.

नवा थर

मी दोनदा तोंडघशी पडलो तो इथे, म्हणून हा भाग नीट वाचा.

पहिल्यांदा मी 2000 नंतर रबिंग कंपाउंड (पॉलिश करायची पेस्ट) लावून हेडलाइट आरशासारखा चमकवला आणि त्यावर स्प्रे मारला. त्या दिवशी शोरूममधल्या गाडीसारखा दिसत होता. पहिल्याच पावसाळ्यात तो थर कांद्याच्या सालीसारखा सुटला, नखाने अख्खी पट्टी निघून हातात आली. कारण दोन. गुळगुळीत पृष्ठभागावर थराला पकड मिळत नाही, आणि कंपाउंडमधला तेलकट अंश मागे राहतो. पॉलिश करून वर क्लिअर कोट मारा, हा सल्ला मी व्हिडिओंमध्ये सारखा पाहतो आणि प्रत्येक वेळी चिडतो. क्लिअर कोट द्यायचा असेल तर पॉलिश करायचंच नाही. 2000 ने आलेला मंद, धुरकट पृष्ठभाग हवा. त्या बारीक रेघांना स्प्रे धरतो, त्या भरून काढतो आणि पारदर्शक होतो.

दुसऱ्यांदा पॉलिश टाळलं, पण काम जुलैच्या एका संध्याकाळी केलं. पाऊस नव्हता म्हणून वाटलं, चालेल. दहा मिनिटांत अख्खा हेडलाइट ताक ओतल्यासारखा पांढरा झाला. स्प्रेमधलं द्रावण झपाट्याने उडतं, त्याने पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या थरात उतरतं. मला पुन्हा 800 पासून सुरुवात करावी लागली. मुंबईत हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, दव पूर्ण ओसरल्यावर, सकाळी अकरा ते दुपारी दोन-तीनच्या मध्ये करावं. पावसाळ्यात करू नये, घरात पंख्याखालीही नाही. मे महिन्यात उन्हात तापलेल्या प्लास्टिकवरही मारू नये, थर सपाट बसायच्या आधीच सुकतो. गाडी आधी तासभर सावलीत ठेवा.

घासताना भिजलेली टेप काढून नवी लावा आणि बॉनेट, बंपर वर्तमानपत्रांनी दोन-दोन फूट झाका. स्प्रेचे कण तुमच्या अंदाजापेक्षा लांब जातात. शेजारी दुसऱ्याची गाडी असेल तर तिथे काम करू नका. पार्किंग झाडून घ्या आणि धूळ बसेपर्यंत थांबा. मग धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेडलाइट पुसा. यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचं तेल जिथे लागतं तिथे थर मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा उरतो.

डबा दोन मिनिटं हलवा, मास्क लावा. साधारण वीत-सव्वा वीत अंतरावरून पहिला हात इतका हलका द्या की नुसते तुषार बसल्यासारखे दिसतील. काहीच झालं नाही असं वाटेल, मोह आवरा. पहिलाच हात ओला दिला तर त्यातलं द्रावण उघड्या प्लास्टिकला चिरा पाडू शकतं. दहा मिनिटं थांबा. मग दोन हात नीट ओले, मध्ये पुन्हा दहा-दहा मिनिटं. फवारा हेडलाइटच्या बाहेर सुरू करायचा, सरळ पलीकडे न्यायचा आणि बाहेरच सोडायचा. हात एका जागी रेंगाळला की ओघळ आलाच. दुसऱ्या हातात धुरकटपणा जाऊन आतला रिफ्लेक्टर उजळताना दिसतो. तिसऱ्या हातानंतर थांबा, चौथा देऊ नका.

टेप अर्ध्या तासात, थर किंचित चिकट असतानाच, उलट्या बाजूला दुमडत हळू काढा. पूर्ण सुकल्यावर ओढलीत तर कडेचा थर टेपसोबत येतो. गाडी एक रात्र जागची हलवू नका आणि आठवडाभर धुऊ नका.

स्प्रे जमणार नाही असं वाटत असेल तर 2000 नंतर 3000 चा पेपर, मग रबिंग कंपाउंड आणि वरून हाताने पुसून लावायचं यूव्ही सीलंट, म्हणजे ऊन अडवणारा पातळ लेप, हा दुसरा मार्ग आहे. दर काही महिन्यांनी सीलंट पुन्हा लावायची तयारी हवी. माझ्या उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर स्प्रेचा थर दीड वर्षानंतरही स्वच्छ आहे.

सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या मुलाला सांगून ठेवा की हेडलाइटवर कोरडं फडकं फिरवायचं नाही, आधी पाणी मारायचं. सगळ्या बिल्डिंगच्या गाड्यांची रेती त्याच फडक्यात असते. शक्य असेल तर गाडीचं नाक भिंतीकडे करून लावा.

उरलेला स्प्रे फेकू नका. डबा उलटा धरून, नुसती हवा येईपर्यंत फवारा सोडा, म्हणजे तोंड बंद होत नाही. पुढे खडी उडून टवका गेला, तर तेवढी जागा 2000 ने घासून त्याच डब्यातून दोन हलके हात देता येतात.